पालकांची सही

देवराम: म्हणजे साठी उलटलेल्या बायकांकडून तू पालकांची सही मागवलीस?

ज्योत्स्ना: मागवली नाही हो. मागितली गेली.

देवराम: अपघाताच्या रिपोर्टात आमच्या एसटीचे ड्रायव्हर असंच लिहायचे. गाडी झाडावर नेली नाही, झाडावर गेली.

ज्योत्स्ना: चेष्टा पुरे. शाळेच्या सहलीचा कागद मोबाइलमध्ये होता. वरचं शाळेचं नाव काढलं, तिथे ‘खिडकी टूर्स’ टाकलं, तारीख बदलली. खालचं तसंच राहिलं. झेरॉक्स काढून रविवारी विहारात वाटूनसुद्धा झाले.

देवराम: वाच ना जरा. मलाही कळू दे आपल्या कंपनीचे नियम.

ज्योत्स्ना: तुम्हाला पाठ आहेत. इतकी वर्षं घरात बघताय.

देवराम: तरी वाच.

ज्योत्स्ना: “सहलीस येताना अंगावर दागिने घालू नयेत. दुपारचा डबा व पाण्याची बाटली सोबत असावी. खाऊसाठी पन्नास रुपयांपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. माझ्या पाल्यास सहलीस पाठवण्यास माझी संमती आहे.” खाली पालकांची सही. त्याखाली पाल्याशी नाते.

देवराम: आणि एकही बाई हसली नाही?

ज्योत्स्ना: हसतील कशाला? मी दिलेला कागद आहे. जेल रोडच्या निम्म्या घरांतली मुलं माझ्या हाताखालून गेलीत. पगारेबाईंनी कागद दिला की तो घरी न्यायचा, सही करून आणायचा, हे त्या घरांना ठाऊक आहे. फक्त तेव्हा मुलं न्यायची आणि आया सही करायच्या. आता आयांनी नेला.

देवराम: आणि मुलांनी सही केली.

ज्योत्स्ना: केली असती तर मी अशी डोक्याला हात लावून बसले असते का? सिंधुबाईंचा रोहित, माझ्या वर्गात होता बघा, मागच्या बाकावरचा. त्यानं कागदाच्या पाठीमागे अर्ज लिहून पाठवलाय. “आईचे गुडघे दुखत असल्याकारणाने तिला सहलीस पाठवू शकत नाही, तरी क्षमस्व. आपला आज्ञाधारक विद्यार्थी, रोहित.”

देवराम: अक्षर सुधारलं का त्याचं?

ज्योत्स्ना: कुठलं हो. मी लाल पेन काढलं होतं, मग भान आलं.

देवराम: अक्काबाई?

ज्योत्स्ना: त्यांच्या सूनबाई म्हणतात, शनिवारी सकाळची शाळा असते, पोरांना कोण सोडणार? आणि आपल्या भागीबाईंचा रवी तर फोनवर मला समजावत होता. “बाई, आईला कशाला एवढ्या लांब नेता? वेरूळची लेणी मी तिला मोबाइलवर दाखवतो. झूम करून दाखवतो.”

देवराम: हा तुझा धंदाच बुडवणार. सगळा देश झूम करून दाखवेल घरबसल्या.

ज्योत्स्ना: हसा तुम्ही. कागद गेला नसता तर काय झालं असतं? “उद्या वेरूळला चाललेय” एवढं घरात सांगून नाव दिलेल्या तिघीही निघाल्या असत्या. कोणी अडवलं नसतं. अडवायचं कोणाला सुचलंच नसतं. मीच घरोघर जाऊन विचारून आले, बाबांनो, तुम्हाला नाही म्हणायचंय का? बायकांना मोकळं फिरवायची कंपनी काढली, आणि पहिल्याच खेपेला परवानगी मागितली त्यांच्या मुलांची.

देवराम: आता फोन करून सांग, कागद चुकून गेला, सहीची गरज नाही.

ज्योत्स्ना: सांगितलं ना सकाळीच. पण नाही म्हणून झाल्यावर हो कोण म्हणतं? माझ्या शिकवण्यातच नव्हतं ते. दिलेला शब्द बदलायचा नाही, असं मीच सांगायचे.

देवराम: ट्रॅव्हलरवाला काय म्हणतो?

ज्योत्स्ना: पाचपर्यंत कळवा म्हणतो. उद्या यायचं की नाही ते पक्कं सांगा. नाहीतर त्याला वणीची पार्टी आहे, गडावर जायची. ते लोक तयारच बसलेत.

देवराम: मग देऊन टाक वणीवाल्यांना.

ज्योत्स्ना: इतकं सोपं?

देवराम: अगं, पेन्शन आहे, घर आहे. या वयात धंदा काढलाच पाहिजे, असं कोणी म्हटलंय? तीस वर्षं कंडक्टरकी करताना मी प्रवासी बघितलेत. प्रवासी म्हणजे काय, ते मला विचार. पुढे उलटी होते म्हणून मागे बसणारा, मागे हादरे बसतात म्हणून पुढे येणारा, आणि खिडकी माझी म्हणून रुमाल टाकून पाणी प्यायला जाणारा. तू तर नावच खिडकी ठेवलंस. निम्म्या बायका आतल्या सीटवर बसणार, त्यांना काय सांगशील?

ज्योत्स्ना: परतीला अदलाबदल. माझ्या वहीत लिहिलंय ते.

देवराम: लिहिलंय. बरं. आणि टीव्हीवर चार दिवस एक कागद पडलाय, तो कसला? मला वाटलं लाइट बिल.

ज्योत्स्ना: माझा आहे.

देवराम: तुझा?

ज्योत्स्ना: मीही भरला. नियम सगळ्यांना सारखा. सहीपुरता तुमच्यासाठी ठेवला होता. आधी गंमत म्हणून ठेवला. मग तुम्ही रोज त्याच्याखालचा रिमोट काढायला लागलात आणि कागद पुन्हा जागेवर ठेवायला लागलात. म्हणून तसाच राहू दिला. म्हटलं, बघू.

देवराम: मला खरंच वाटलं, लाइट बिल.

ज्योत्स्ना: लाइट बिल तुम्ही आल्या दिवशी भरता. तुम्हीसुद्धा रोहितच. फक्त अर्ज लिहिला नाहीत.

देवराम: बरं बाई, रोहित तर रोहित. पण एक सांग. दरवर्षी वेरूळला जायचीस ना पोरांना घेऊन? नोकरीभर गेलीस. अजून मन भरलं नाही?

ज्योत्स्ना: मी वेरूळ पाहिलेलं नाही.

देवराम: काहीतरीच.

ज्योत्स्ना: खरं सांगतेय. पोरं पाहिली. बसमधून उतरली की मोजायची, लेण्यात शिरली की मोजायची, बाहेर आली की पुन्हा. ते दहाव्या नंबरचं लेणं आहे ना, आत भली मोठी बुद्धमूर्ती, पाय खाली सोडून बसलेली? मला तिचे पाय माहीत आहेत. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. मान वर करायला जावं, तर कोणीतरी ओरडायचं, “बाई, गणेश दिसत नाही.” की मी दाराकडे. दरवर्षी पाय. चेहरा एकदाही नाही.

देवराम: गणेश सापडायचा का?

ज्योत्स्ना: बाहेर पेरू खात असायचा. शाळेतून निरोप झाला त्या दिवशी शाल-नारळ घेऊन रिक्षात बसले आणि पहिलं काय मनात आलं माहितीये? आता वेरूळला कोण नेणार? म्हटलं, मीच नेईन. माझ्याच कंपनीची गाडी, माझ्याच मैत्रिणी, घाई कसली नाही. रात्री झोप लागत नव्हती आनंदानं. बोर्ड रंगवून आला तेव्हा तुमच्या नकळत त्याच्यावरून हात फिरवला मी.

देवराम: बघितलं मी.

ज्योत्स्ना: आणि आता भीतीनं झोप नाही. एखादी जिन्यावरून पडली तर? गाडी घाटात बंद पडली तर? आणि त्याहून मोठी भीती सांगू? कंपनी माझी, म्हणजे जबाबदारी माझी. म्हणजे उद्या पुन्हा मीच दारात उभी राहून डोकी मोजणार. पुन्हा पायच बघून येणार. एवढा खटाटोप करून मी परत तीच नोकरी धरली, तीही बिनपगारी.

देवराम: पाच वाजायला आले.

ज्योत्स्ना: माहितीये. फोन द्या इकडे. पहिलीच सहल रद्द झाली की कॉलनीत पुन्हा कोणी नाव काढणार नाही. पण रिकाम्या सीटा घेऊन निघण्यात तरी काय अर्थ? सांगते त्याला, वणीला जा म्हणून.

देवराम: थांब. दारात कोण आहे बघ.

(भागीबाई आत येतात. धाप लागलेली, हातात घडी घातलेले कागद.)

भागीबाई: जय भीम बाई. जय भीम भाऊ. पानी द्या आधी. सिंधूच्या तिसऱ्या मजल्यावून उतरले, मग अक्काच्या चढले, मंग हितं.

ज्योत्स्ना: जय भीम. बसा, भागीबाई. अहो, तुम्हाला मी फोनवर सांगितलं ना, त्या कागदाचं राहू द्या म्हणून?

भागीबाई: असं कसं राहू द्या? शाळंत इतकी वर्सं घंटा दिली म्या. तुमचा कागद बिनसहीचा परत आलेला बघितला नाय कधी. हे घ्या. तिघींचे हायत. सह्या झाल्या.

ज्योत्स्ना: मुलांनी केल्या?

भागीबाई: पोरांनी? पोरं अजून विचारच करत्यात. सिंधूच्या कागदावर म्या केली. अक्काच्या कागदावर सिंधूनं. माझ्या कागदावर अक्कानं अंगठा दिला. तिला सही येत नाय ना.

देवराम: आणि नात्याच्या रकान्यात काय लिहिलंय?

भागीबाई: शेजारीण. तिघींच्या बी. खोटं हाय का?

ज्योत्स्ना: अहो पण रोहित काय म्हणाला?

भागीबाई: त्यो म्हनला, आई, पालक म्हनून माझीच सही लागंल. तर सिंधू म्हनली, तुला म्या पाळला का तू मला पाळलं? गप झाला. मंग म्हनतो, गुडघं? तर म्हनली, गाडीत काय उभी ऱ्हानार हाय का मी?

देवराम: आणि अक्काबाईंच्या सूनबाई?

भागीबाई: तिनं तोंड लय वाकडं केलं. म्हनली, सोडते मीच पोरं शाळंत. पर दार असं आपटलं भाऊ, का खालच्या मजल्यावरची मान्सं भाईर आली. अक्का घाबरली जरा. म्हनली, जाऊ का नको? म्या म्हनलं, आता सही झाली, आता माघार नाय.

ज्योत्स्ना: आणि तुमचा रवी?

भागीबाई: त्यानं मोबाइलवर दावली लेणी. झूम करून दावली. म्या म्हनलं, लय छान हायत. आता उद्या जाऊन बघते, खरंच तशी हायत का. बाई, डब्यात काय आनू? पुरनपोळी चालंल का? आन् पन्नासच रुपये आनायचे का? मला बांगड्या घ्यायच्या हुत्या.

ज्योत्स्ना: कितीही आणा हो. आणि दागिने घाला सगळे. घाला.

भागीबाई: तुमच्या कागदावर कुनाची सही हाय?

ज्योत्स्ना: माझ्या? त्याचं काय…

देवराम: सहीविना कोरा आहे. टीव्हीवर.

भागीबाई: आनी भाऊ, तुम्ही घरात असताना कोरा? पेन द्या इकडं. मी करते.

देवराम: त्याच्या शेजारी अजून एक कोरा कागद असेल, तोही आणा भागीबाई.

ज्योत्स्ना: तो कशाला?

देवराम: एक सीट आहे ना ड्रायव्हरच्या शेजारी? खिडकी नाही दिली तरी चालेल. मला सवय आहे उभं राहून जायची.

ज्योत्स्ना: तुम्ही? रिटायर झालात त्या दिवशी बसच्या पायरीवर उभं राहून शपथ घेतली होती, पुन्हा गाडीत पाय ठेवणार नाही. नाशिकरोडहून इथल्या द्वारका चौकापर्यंतसुद्धा माझ्याबरोबर येत नाही.

देवराम: माझी गाडी सहा वर्षं वेरूळवरून जायची. फाट्यावर आलो की बेल द्यायचो आणि ओरडायचो, “लेणीवाले उतरून घ्या.” उतरायचे सगळे. मी पुन्हा बेल द्यायचो आणि गाडी निघायची. तुला निदान पाय तरी दिसले.

ज्योत्स्ना: मला कधी सांगितलं नाहीत हे.

देवराम: त्यात काय सांगायचं? कंडक्टरनं उतरायचं नसतं.

भागीबाई: भाऊंच्या कागदावर सही कोन करनार मंग?

देवराम: पालक समोर बसल्यात की. कर गं सही. आणि त्या ट्रॅव्हलरवाल्याला फोन लाव, पाच वाजलेत. नाहीतर आपण सगळे वणीला पोचायचो.

ज्योत्स्ना: नात्याच्या रकान्यात काय लिहू? बायको?

देवराम: मालकीण लिही. आणि उद्या त्या दहा नंबरच्या लेण्यात मागे वळून बघायचं नाही. दारात मी उभा आहे. डोकी मी मोजतो.