धुवून परत दिलेली काठी

मी रुखमाबाई देवराव भगत, वय अंदाजे पंचाहत्तर (नक्की आईला ठाऊक होते, तिला विचारायचे राहून गेले), धंदा पूर्वी शेतमजुरी, आता घरराखण, शिक्षण नाही, रा. पिंपळधरा, ता. राळेगाव, जि. यवतमाळ.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नातू इंद्रजित व नातसून वर्षा यांच्यासह राहते. इंद्रजित हात धुतल्याशिवाय ताटावर बसत नाही व झोपलेल्या माणसाला ओलांडत नाही. हे साहेबांनी विचारले नव्हते. तरी लिहावे.

काल सकाळी जमीर, रा. पांढरकवडा, हा चादरी विकत आमच्या ओट्यापाशी आला. तो दरसाल येतो. भाव ऐकून मी त्याला, "बापा, चादर पायजे, वावर नाही," असे म्हणाले. तो हसला. वर्षाची लहान मुलगी रडत होती, तिला त्याने बिस्कीट दिले. तेव्हा समोरून कोणी तरी ओरडले, "पोरं पकडणारा हाच! मोबाईलवर आलता तो!"

लोक धावले. मी, "अरे, हा आपला चादरवाला होय," असे सांगितले. कोणी ऐकले नाही. इंद्रजित घरातून आला व म्हणाला, "आजी, काठी दे जराशी." मला वाटले, लोकांना हाकलतो. मी दिली.

त्याने ती जमीरच्या डोक्यात मारली. मग पाठीत. बाकीचे लाथा मारत होते. येथे साहेबांनी 'अनोळखी जमाव' असे लिहिले, ते खोडावे. त्यात अनोळखी कोणी नव्हते. सगळ्यांच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत.

तेवढ्यात गावातल्या विठ्ठलरावांची अंत्ययात्रा गल्लीतून आली. सगळे थांबले. बाजूला झाले, चपला काढल्या, हात जोडले. इंद्रजितने काठी भिंतीला टेकवली व तिरडीला खांदा देत पारापर्यंत गेला. खाली पडलेल्या जमीरला कोणी ओलांडले नाही, वळसा घालून गेले. तिरडी पारावर विसाव्याला टेकली, तसे ते परत येताना दिसले. बाह्या वर करत होते.

मी जमीरच्याच गठ्ठ्यातली पांढरी चादर ओढून त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकले. "हलू नको बापा," असे कानात सांगितले व उशाशी बसले.

इंद्रजितने विचारले, "गेला का वं आजी?"

मी म्हणाले, "गेला. चपला काढ."

त्याने काढल्या. सगळ्यांनी काढल्या. एक जण म्हणाला, "कोणाचा लेक असन बिचारा." चादर श्वासाने वरखाली होत होती. कोणाला दिसली नाही, कारण सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. नंतर ते विठ्ठलरावांना पोचवायला स्मशानाकडे गेले. वर्षाने गाडी बोलावून जमीरला दवाखान्यात पाठवले. तो अजून शुद्धीवर नाही. मी खोटे बोलले, ते कबूल आहे.

संध्याकाळी इंद्रजितने काठी हौदावर धुतली, पुसली व माझ्या उशाशी ठेवली. "आजी, जेवली का?" असे विचारले. मग हात धुवून ताटावर बसला. जमीर जिवंत आहे, हे तेव्हा त्याला माहीत नव्हते. त्याने दोन भाकरी खाल्ल्या.

काठी सोबत आणली आहे, जमा करून घ्यावी. मी भिंत धरून घरी जाईन.

मला वाचता येत नाही म्हणून साहेबांनी हा जबाब वाचून दाखवला. इंद्रजितचे नाव आले तिथे मी थांबवून पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्यांदाही तेच नाव निघाले. बरोबर आहे.

निशाणी अंगठा, रुखमाबाई देवराव भगत