बाविसाव्या मजल्यावरून

दवाखान्यात आता मी एकटाच जातो, त्यामुळे शेजारचं बोलणं ऐकू येतं. काल बाकावर वरळीच्या बीडीडी चाळीतल्या दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या. चाळीच्या जागी बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये रखमाला बाविसावा मजला लागला होता, द्वारकाला दुसरा.

"रखमा, माझी नात म्हणते, तू आता आम्हाला लुक डाऊन करणार."

"म्हणजे काय गो द्वारके?"

"वरून खाली बघणार."

"बघणारच. खिडकी मग कशाला दिलीय?"

"तसं नाय गो. त्याचा दुसरा अर्थ, कमी लेखणार."

"ते तर मी चाळीतही करायची. तुझ्याच दारात उभी राहून."

"म्हणून तर आयुष्यभर भांडलो."

"मग आता भांडायला वर येशील ना?"

"मी नाय येणार. लिफ्टमध्ये माझा जीव घाबरतो."

"एकदाही नाय?"

"नाय."

"मग मी कुणाशी बोलू वर? कबुतरांशी?"

"तुझं तू बघ."

"मीच उतरेन रोज सकाळी. नावं ठेवायची तर समोर बसून ठेवीन."

"ये. चहा देईन, पण बिनसाखरेचा."

"बघ, म्हणून कमी लेखते तुला."