मामाच्या हातचा पहिला घास

मंडळी, देवाच्या दारात आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. ज्या घरात तांदूळ आहे, चूल दोन्ही वेळा पेटते, आई आहे, आजी आहे, त्या घरातलं मूल भुकेनं कसं जातं? घरात दाणाच नसतो म्हणून जाणारी मुलं पुष्कळ आहेत, त्याची लाज साऱ्यांनाच वाटायला हवी. पण या घरात दाणा होता! ऐका.

उंबरपाडी गावात दौलत, त्याची बायको मंजुळा आणि त्याची आई गोदाबाई. मंजुळेला मुलगा झाला, कार्तिक. तेल लावायला घेतलं की हातातून निसटावं असं गुटगुटीत पोर! बारशाला मंजुळेचा भाऊ रंगनाथ आला. बहिणीला साडी, बाळाला चांदीचे वाळे, काही कमी केलं नाही गड्यानं. जेवणं झाली, मानपान सुरू झाले. ह्याला टोपी-टॉवेल, त्याला टोपी-टॉवेल. रंगनाथाची पाळी आली आणि हातात पडला नुसता टॉवेल. टोप्या संपल्या होत्या हो!

हसा, हसा. इथवर मीही हसतो. रंगनाथानं टॉवेल ओसरीवर ठेवला आणि पाणी न पिता निघून गेला. दौलत म्हणाला, गेला तर जाऊ दे, मी काही टोपी घेऊन त्याच्या दारात उभा राहणार नाही.

बाळाला सहा महिने झाले. उष्टावणाची वेळ आली. आपल्याकडे पहिला घास मामा भरवतो. गोड रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण बाळाचं शरीर मामाची वाट बघत नाही! जन्माला येताना बाळ रक्तापुरतं लोह सोबत आणतं. ते या सुमाराला सरत येतं. आईचं दूध हवंच, पण नुसत्या दुधावर आता वाढ भागत नाही. हे शरीराला कळतं. गोदाबाईला कोण सांगणार? तिचं एकच म्हणणं, मामाच्या हाताशिवाय दाणा नाही, अपशकुन होतो.

आणि म्हातारी दुष्ट नव्हती बरं का! नातवावर जीव होता तिचा. ती त्याला वरणाचं पाणी पाजायची. निथळ, पिवळं, कोमट. डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो म्हणायची. तुमच्यातल्या किती जणी असंच म्हणतात? माना हलवू नका, मला दिसतंय. अहो, डाळ तळाशी राहिली! ती दौलतच्या ताटात गेली. उरलंसुरलं मंजुळेला, तेही दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांद्याची लागण करून आल्यावर. बाळाचं पोट केवढं? त्याच्या मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं की बाळ गप्प.

अंगणवाडीच्या ताई आल्या. बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, त्यांचा चेहरा पडला. वरण-भात कुस्करून, वर तेल घालून आजपासूनच भरवा म्हणाल्या, खाऊची पाकिटं दिली. गोदाबाईनं ती मानानं घेतली आणि फळीवर ठेवली. उष्टावण झालं की देऊ, म्हणाली.

मंजुळेनं भावाला फोन केला. तो म्हणाला, दाजींना टोपी घेऊन येऊ दे, मी पळत येतो. दौलतला सांगितलं. तो म्हणाला, गरज त्याला असेल तर येईल. मग तिनं काय केलं? आठवड्याच्या बाजारातून स्वतःच टोपी आणली, बाळ कडेवर घेतलं आणि माहेरी गेली. रंगनाथ ताटावर बसला होता. भाचा मांडीवर घेतला, म्हणाला, हलका झाला गं हा. तिनं टोपी पुढे केली. त्यानं ती हातात फिरवून परत दिली.

"ही तू आणलीस. त्यांनी नाही."

तेवढ्यात कार्तिकनं हात घातला मामाच्या भातात. मूठ भरली, तोंडाकडे नेली. आणि मंडळी, तो हात कोणी धरला? आजीनं नाही. मामानं नाही. मंजुळेनं! तिच्या मनातही अपशकुनाची भीती होतीच. तिनं एकेक बोट सोडवून भात काढून घेतला. मामा बघत बसला. भात त्याच्याच ताटातला. हात त्याचाच हवा होता!

पुढे बाळाचं रडणं थांबलं. गोदाबाई म्हणाली, शहाणा झाला. शहाणा? अहो, रडायलाही अंगात ताकद लागते! एके दिवशी जुलाब लागले. धडधाकट मूल त्यातून उठतं. याच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धडपड केली. बाळ गेलं.

मातीला रंगनाथ आला. उघड्या डोक्यानं. दौलत त्याच्या गळ्यात पडला. दोघं रडले, रुसवा तिथंच मिटला. मिटला! मंजुळा आत गेली, वाटीत मऊ भात कालवून आणला आणि भावापुढे धरला.

"दादा, भरव."

त्यानं भरवला. शितं ओठांवरच राहिली.

आता सांगा, कोणाला दोष द्यायचा? प्रत्येकाचं थोडंथोडंच चुकलं. कोणीच मारलं नाही, म्हणून कोणीच वाचवलं नाही.

घरी गेल्यावर तळाची डाळ आधी पोराला द्या, एवढंच मागायला आलो आहे. ऐकाल असं मात्र वाटत नाही. मागच्या गावात हेच आख्यान लावलं, बायाबापड्या पदर तोंडाला लावून रडल्या. कीर्तन संपलं आणि सत्काराला आधी कोणाला बोलवायचं यावरून पुढारी भांडले. मांडीवरची पोरं प्रसादाची वाट बघत निजून गेली.

आता इथंही सत्कार आहे म्हणे. त्या टेबलावर टोप्या-टॉवेल रचलेत, मघापासून दिसतायत.

पुरतील ना, मंडळी, सगळ्यांना?