सापडेपर्यंत चहा नाही

...आणि वर मलाच विचारतात, "काकू, एवढा पातेलंभर चहा केलात, तुमचा कप कुठंय?" आता काय सांगायचं? सांगितलं तर हसतात, नाही सांगितलं तर म्हणतात, शुगर निघाली वाटतं! पार आळेफाट्यापर्यंत गेली की हो बातमी, पिंपळवंडीच्या प्राचीच्या आईला शुगर निघाली म्हणून. एक बाई तर कारल्याचा रस घेऊन दारात उभी. प्यायले. मुकाट प्यायले. कडू लागला का? छे! काहीच लागलं नाही. तुम्हाला सांगते, चहा सोडला ना, की माणसाला काही वाटेनासंच होतं.

शुगर नाही हो, कण! कणापायी चहा सोडलाय मी.

आमची प्राची, थोरली, तिकडं परदेशात असते. तिथं म्हणे जमिनीखाली कोसच्या कोस गोल बोगदा खणलाय, आणि त्यात ही माणसं कण पळवतात. बैलगाड्यांच्या शर्यती कशा, तसे. पण आपल्याकडं गाडे एका दिशेनं पळतात, ह्यांच्याकडं दोन बाजूंनी सोडतात आणि मधे आदळवतात! म्हटलं, अगं चांगले पळतायत तर पळू द्या की. तर म्हणते, "आई, आदळले की त्यातून नवे कण निघतात, ते लगेच मोडतात. कसे मोडतात ते बघायचं, हेच माझं काम." आता बोला! ह्या घरात एक बशी फुटली तर सासूबाई आठ दिवस बोलतात, आणि त्यांची नात मोडतोड बघायला विमानानं गेली.

तिच्या पप्पांना काही केल्या पटेना. "दिसतो का पण तो कण?" "नाही पप्पा." "मंग आहे कशावरनं?" तर पोरगी म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं बिबट्या किती जणांनी येताना बघितला? सकाळी उसाच्या कडंला पंजे दिसतात. त्यावरून सांगताच ना तुम्ही, हिथून निघाला, तिकडं गेला, मादी होती, संगं पिल्लू होतं? तसंच. कण मोडला की तुकडे उडतात. त्या तुकड्यांच्या वाटा मागं मागं नेल्या, की कळतं, इथं एक होता." झालं, पटलं त्यांना! बिबट्याचं नाव घेतलं की आमच्याकडं माणसाला काहीही पटतं.

मी भाजी निवडत बसले होते. आपलं सहज विचारलं, "जगतो किती गं तो?" म्हणाली, "एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे कर. त्यातला एक, फार तर दीड तुकडा."

हातातली मेथी हातातच राहिली. लाख कोटी! अहो, एवढ्याशा आयुष्यात पाचवी कधी पुजायची, सटवाईनं येऊन कपाळावर लिहायचं कधी, आणि बारशाला आत्याला बोलवायचं तरी कधी? ती येईस्तोवर... जाऊ दे. आणि ही पुढं म्हणते, "त्यातलाही मला एका वेगळ्याच तऱ्हेनं मोडणारा हवाय, आई. कोट्यवधींत एखादा. अजून कुणालाच सापडला नाही. पाच वर्षं त्याच्याच मागं आहे मी." हे म्हणताना आवाज असा बारीक झाला ना तिचा... शाळेतून पाटी हरवून आल्यावर व्हायचा तसा.

मग आईनं काय करायचं? मला काय ते मशीन फिरवता येतंय?

श्रावणात माहेरी गेले होते शिनोलीला. सोमवार धरून एसटीनं भीमाशंकर गाठलं. गर्दी मरणाची! पिंडीसमोर उभं राहायला मिळतं किती? मागची बाई ढकलते, पुढची हलत नाही, "चला माउली, चला" चाललेलंच. त्या कणाला तरी माझ्यापेक्षा जास्त वेळ मिळत असेल! तेवढ्यात जे तोंडाला आलं ते बोलून गेले, "महादेवा, त्या कणाला आयुष्य दे, माझ्या पोरीला तो सापडू दे. सापडेपर्यंत मी चहाला शिवणार नाही." पाणी घातलं, हात जोडले, पायऱ्या चढून वर आले... आणि समोर टपरी. आल्याचा वास! धुकं, थंडी, आणि आल्याचा वास! माझी भावजय म्हणते, "वन्सं, दोन सांगू?" मी म्हटलं, "एकच सांग."

पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं, असं ठणकलं, की देव्हाऱ्यात दोन-दोन महादेव दिसायला लागले. मग ठणका गेला आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं, मला कळलं नाही. हातावर वाफ आली, मला कळलं नाही. शेजारच्या सोनलचा साखरपुडा झाला, सगळ्या नाचल्या, मी आपली खुर्चीवर, रांगोळीकडं बघत. "काकू, आनंद नाही का झाला?" झाला असेल गं बाई. चहा सोडला ना, की माणसाला काही वाटेनासंच होतं.

सासूबाई, आमच्या ठमाबाई, त्यांचं तर वेगळंच. "आगं, चहा कुणी सोडतं का? कारलं सोडावं, गवार सोडावी! आमी सारा जलम जे आवडत नव्हतं त्येच सोडत आलो, द्येवाला कुटं काय कळलं?" आणि हे बोलताना फुर्र करून बशीतनं चहा ओढायचा. माझ्या तोंडासमोर!

आळेफाट्याला दलीचंदशेठचं किराणा दुकान आहे, तिथं त्यांच्या पानबाई बसतात गल्ल्यावर. उपवासातलं कुणी काही विचारावं तर त्यांना. आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहून वर हिशेबात पैशाची चूक नाही! त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोडेतेलाची पिशवी बाजूला ठेवली, आणि म्हणाल्या, "ताई, सूट काय काय ठेवली?" म्हटलं, सूट? "अहो, आम्हा जैनांत नेम घेतानाच सूट बोलून ठेवतात. चुकून तोंडात गेलं तर, आजारपण आलं तर, मोठ्यांचा शब्द मोडवेना तर... तुम्ही काहीच नाही ठेवली?" म्हटलं, मागून ढकलत होते हो, सूट कधी ठेवू? पानबाईंनी अशी मान हलवली! बिनकुलपाचं घर टाकून माणूस गावाला गेलं की हलवतात तशी.

बरं, मला वाटलं, असं कितीसं लांबणार? तर तिथं निघाली पेटी! पेटी म्हणजे लाकडाची नाही, कॉम्प्युटरमधली. त्या कणवाल्यांची एक रीतच आहे. सगळी माहिती गोळा करायची, पण नेमका जिथं तो कण सापडायचा, तेवढीच जागा झाकून ठेवायची. बघायचं नाही म्हणजे नाही! प्राची म्हणते, "आई, आधी बघितलं की मन लबाडी करतं, नसलेलंही दिसायला लागतं. म्हणून कशाला कण म्हणायचं, कशाला नाही, ते सगळं आधी ठरवायचं, सगळ्यांनी हो म्हणायचं, आणि मगच झाकण काढायचं." हे मात्र मला इतकं पटलं! आपण घट बसवल्यावर रोज माती उकरून बघतो का, धान रुजलं का म्हणून?

पण घट दसऱ्याला उठतात तरी! ही पेटी उठेचना. दसऱ्याला उघडणार होती, तर एका जर्मन बाईंनी शंका काढली. दिवाळीला उघडणार, तर कुणी एक इटलीवाला, "प्राची, हॅव यू चेक्ड धिस?" केलं बाई, चेक केलं. "प्राची, व्हॉट अबाउट दॅट?" अरे, तुला काय जातंय? तू सकाळी उठून तुझी काळी कॉफी ढोसतोस, आणि इथं पिंपळवंडीत एक बाई भिंतीकडं बघत बसलीय! माझा चहा त्या इटलीवाल्याच्या हातात! त्याच्यावर राग यायला पाहिजे होता, पण येईना. राग यायलासुद्धा आधी चहा लागतो.

आणि संक्रांतीला काय झालं ते ऐका. व्हिडिओ कॉलवर तिळगूळ दाखवला, आणि बोलता बोलता कौतुकानं सांगून गेले, "तू काळजी करू नको गं, मी महादेवाजवळ मागितलंय, त्या कणाला भरपूर आयुष्य दे म्हणून."

पलीकडं तिचा चेहरा स्क्रीनवर तसाच थिजला. मला वाटलं, रेंज गेली.

"आई," म्हणाली, "आयुष्य मागितलंस?"

"मग काय मागणार?"

"अगं, तो जगला तर मला दिसणार कसा? न मोडताच निघून गेला तर तुकडे कुठून येणार? तो मोडला, तरच तो होता हे कळतं मला."

घ्या! श्रावणापासून संक्रांतीपर्यंत, रोज सकाळ-संध्याकाळ दिवा लावून, चहा सोडून, मी माझ्याच पोरीच्या वाईटावर बसले होते की हो! ती तिकडं देव पाण्यात घालून बसलीय कण मोडावा म्हणून, आणि मी इकडं त्याला औक्षवंत करतेय! सासूबाई पलंगावरून ओरडल्या, "बघ भगवंता, तरी मी म्हनत व्हते! हिनंच जगवलाय त्येला! आता कुटनं गावतोय!"

गुरुजींकडं गेले. म्हटलं, गुरुजी, मागणं फिरवायचंय. "काय मागायचंय?" म्हटलं, मोडू दे. मरू दे लवकर. गुरुजींच्या हातातली पळी खाली पडली. "कोण?" सगळं सांगितलं. पोथ्या चाळल्या त्यांनी, खरंच चाळल्या. म्हणाले, "वहिनी, नवऱ्याच्या आयुष्याचं व्रत आहे, मुलाच्या आयुष्याचं आहे, गाईगुरांचं आहे. मरावं म्हणून करायचं व्रत आपल्याकडं नाही हो. माझ्या आजोबांनी पण कुणाला सांगितलेलं नाही."

मग काय? परत शिनोली, परत एसटी, परत भीमाशंकर. ह्या खेपेला गर्दी नव्हती, आत चार माणसं. कुणी ढकललं नाही. उभी राहिले... त्याला म्हणायचं काय? मागून घेतलेलं आयुष्य काढून घे? एवढंसं तर आहे बिचाऱ्याचं! शेवटी म्हटलं, "महादेवा, मला ह्यातलं काही कळत नाही. त्याच्या जायच्या वेळेला त्याला जाऊ दे. फक्त जाताना माझ्या पोरीच्या डोळ्यांसमोरून जाऊ दे." बाहेर आले. टपरी होतीच. वास आला नाही. चहा सोडला ना...

आणि मग माघात एकदाची उघडली पेटी. दुपारी. प्राचीनं फोन तिकडं टेबलावर टेकवून ठेवला होता, आम्हाला दिसावं म्हणून. इकडं आम्ही तिघं पलंगावर ओळीनं, मी मधे, मांडीवर जपमाळ. तिथं सगळी गोरी-सावळी पोरं दाटीवाटीनं उभी, इटलीवाला पण होता, दाढीवाला, गरीब दिसत होता हो चेहऱ्यानं! कुणीतरी बटण दाबलं. प्राचीची पाठ दिसत होती मला, नुसती पाठ. आईला पाठीवरून कळतं. मग इटलीवाल्यानं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, नाही सापडला."

मी विचारलं, "माझ्यामुळं का गं?"

"नाही गं, वेडे! तो तसा मोडतच नसेल. नाहीतर इतका क्वचित मोडत असेल, की आमच्या वाट्याला आला नाही. आता आम्हाला जगाला सांगता येईल, एवढ्या कणांत एकही असा मोडत नाही म्हणून. ह्याचाही पेपर छापतात."

सासूबाई पुढं सरकल्या. "गावलं न्हाई, ह्येचा पेपर? मंग आपल्या भागूची शेळी गेल्या साली गेली, ती बी गावली न्हाई. छापा म्हनावं!"

प्राची हसली. रडता रडता हसली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते आपलं आलं. मला काही वाटलं नाही.

हे उठले, स्वतः आत जाऊन आधण ठेवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! कप माझ्यापुढं धरून म्हणाले, "पी आता. झालं ना? सापडला नाही, हे तर सापडलं! देवाला सांग सापडला, कोण बघतंय?" तेवढ्यात फोनमधून, "पप्पा! पेटी उघडल्यावर अट बदलायची नसते!"

बोललं कोण? माझीच पोर! अशी ताठ होते ती अशा वेळी. मग तिचीच जीभ अडखळली, "पण आई, तू पी गं. तुझं वेगळं आहे."

"वेगळं कसं?" म्हटलं. "तुझी ती पेटी, आणि माझं काय डबडं?"

तो कप सासूबाईंनी घेतला. वाया कशाला घालवायचा?

आता म्हणे ते मशीन काही वर्षं बंद राहणार. मोठं करतायत, पुढं आणखी कण आदळवणार, मग आणखी मोडणार. प्राचीला ठेवून घेतलंय त्यांनी. "मी पुन्हा शोधणार," म्हणाली, आणि ह्या वेळी आवाज बारीक नव्हता. म्हणजे बघा, काही वर्षं मशीन बंद, मग चालू, मग माहिती, मग पेटी, मग तो इटलीवाला...

पानबाईंना विचारलं, आता सूट ठेवता येईल का? म्हणाल्या, "चालू नेमात नाही येत, ताई."

शेवटी परवा ह्यांना म्हटलं, "अहो, एवढी वर्षं काही मला झेपायचं नाही. चहाऐवजी आशाच सोडून देते, म्हणजे मोकळी झाले."

हे सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "ती तुला एक दिवस सुटायची न्हाई. चहाच राहू दे, त्याची तुला सवय झालीय आता."