चंद्राची लिंक

आईने शिक्षकांसाठी उपयोगी लिंकांचं एक वेबपान तयार केलं होतं. एका संध्याकाळी तिने त्यावर चंद्राचा व्हिडिओ लावला.

"बघ ना गं."

"नंतर बघते," लेक म्हणाली.

पहाटे आई झोपेतच गेली.

महिन्याभराने बँकेच्या रांगेत लेकीच्या पुढे दोन अनोळखी शिक्षिका बोलत होत्या.

"बाईंची चंद्राची लिंक बंद पडलीय गं."

"बंद? त्या तर दर रविवारी एकेक उघडून बघतात!"

"आपल्यासारख्या फुकट्यांना कंटाळल्या असतील."

"गप गं. मी तो व्हिडिओ दाखवला तेव्हा अख्खा वर्ग चिडीचूप होता. खाली त्यांनी लिहिलंय ना, 'दिवे मालवा, चंद्र आपोआप उगवेल.'"

"रविवारी करतील दुरुस्त."

लेकीने फोनवर पान उघडलं. चंद्राच्या जागी नुसता काळा चौकोन होता. तिने डोळे मिटले.

"बघितलं गं, आई," ती मोठ्याने म्हणाली. "फार सुंदर आहे."