तीन पिंपं, एक नाक

— नाही नाही, मॅडम, असा नाही धरायचा. तो चहाचा कप नव्हे, तळहातात घेऊन बसायला. देठाला धरा, ग्लासच्या देठाला. हां. आता हलवा जरा, गोल, गोल — अहो, दुधात साखर ढवळताय का, हळू! — बरोबर. पहिल्यांदाच आलात ना वायनरीत? कळतं ते लगेच. वाईट वाटून घेऊ नका, पहिल्यांदा येणारी माणसंच मला आवडतात. दहा वेळा आलेला माणूस दारातनंच नाक वर करून येतो, ग्लास दिव्यासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि म्हणतो, 'हंऽऽ'. काय हंऽऽ? विचारा त्याला. सांगता येत नाही. माझ्या तोंडाकडे बघतो. मी म्हणतो, 'पिकलेला पेरू?' — की लगेच, 'तेच! तेच म्हणणार होतो!' सव्वीस वर्षं ह्या काउंटरमागे उभा आहे मी, आणि सव्वीस वर्षं लोक तेच म्हणणार असतात. एकदा नुसती गंमत म्हणून मी म्हणालो, 'नवीन टायर' — तर एक गृहस्थ डोळे मिटून म्हणतात, 'पुढचा.'

थांबा, पिऊ नका अजून. आधी वास. हे तीन ग्लास ठेवतो तुमच्यासमोर. ती भिंतीशी तीन लाकडी पिंपं उभी आहेत ना, त्यांतलीच ही वाइन, आत्ताच काढली. हा पहिला. हा दुसरा — ह्याला जरा वेळ द्या, घाई करू नका. आणि हा तिसरा. आता मला सांगा, कुठला चांगला? — अहो, ह्याचे पैसे नाही घेत आम्ही. पाहुण्यांसाठी असते अशी गंमत. रोज? नाही, रोज नाही. आजच. आता तुमच्यापासनं काय लपवायचं — चार वाजता मालक येतायत, बरोबर एक मोठं गिऱ्हाईक. दर वर्षी असंच. तीन पिंपं तळघरातनं वर आणायची, त्यांतल्या एकावर मी खडूने गोल काढायचा, आणि गोल असेल ते पिंप मालकांच्या वडिलांच्या नावाने बाटल्यांत भरायचं. मालक स्वतः चाखत नाहीत हं. कशाला चाखायचं, म्हणतात, गोल आहे ना? गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि सांगतात, 'हे आमचं नाक.' पंचवीस वेळा ठेवलाय हात. आणि यंदा, मॅडम, तिन्हींपैकी एका पिंपाला आतनं बुरशी धरलीय. तळघर सांभाळणारा परवा सांगून गेला — 'काका, एक बिघडलंय असं वाटतं, कुठलं ते तुम्ही ओळखा, नाक तुमचं, मी बापडा पाइप धुणारा' — आणि गेला मेहुण्याच्या लग्नाला. फोन बंद. नेमक्या त्या पिंपावर गोल निघाला, तर मालकांच्या वडिलांच्या नावाने तीनशे बाटल्या बुरशी जाणार, आणि मी जाणार गेटबाहेर. आता वाजले किती? सव्वातीन. बघा.

तुम्हाला का विचारतोय? हे काय विचारणं झालं — अहो, नाक दमतं. सकाळपासनं वास घेऊन घेऊन बधिर होतं. डोळे नाही का दमत शिंप्याचे? तसंच. म्हणून म्हटलं, ताजं नाक बरं. सकाळपासनं ताजी नाकंच गोळा करतोय मी. आधी एक नवं जोडपं आलं. तो म्हणाला, 'तू सांग', ती म्हणाली, 'तुम्ही सांगा ना', दोघं एकमेकांना इतकं 'तुम्ही, तू' करत बसले की वाइन कोमट झाली. मग बँकेतनं निवृत्त झालेले एक साहेब. पहिला ग्लास उत्तम म्हणाले. का हो? तर म्हणे, तुम्ही तो पहिला ठेवलात म्हणजे काहीतरी विचार करूनच ठेवला असणार. मग एक बाई, फक्त फोटो काढले, तिन्ही ग्लासांचे, त्यांच्याबरोबर स्वतःचे, आणि माझा एक. मग अकरा जणांचा घोळका. त्यांतला प्रत्येक जण दुसरा काय म्हणतो त्याची वाट बघत उभा! अकरा माणसं, बावीस नाकपुड्या, आणि उत्तर एक नाही.

असं बघू नका माझ्याकडे. नाक दमतं, सांगितलं ना. — बरं. बरं, तुम्ही हसणार नसाल तर सांगतो. मला वास येत नाही. दमलं-बिमलं काही नाही, येतच नाही. तीन वर्षं झाली. तळघराच्या जिन्यावरनं पडलो, चारच पायऱ्या, डोक्याला मागे तीन टाके. जखम भरली, नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, आतली कुठलीशी बारीक तार तुटली, पुन्हा जुळायची नाही. जिभेला आंबट-गोड-कडू कळतं अजून, पण बुरशी काही जिभेला सापडत नाही, तिला नाकच लागतं. मला ही तिन्ही सारखीच. तुमच्या त्या बाटलीतल्या पाण्यात थोडं लिंबू पिळा, ते चौथं.

मालकांना? वेड लागलंय का! कुणालाच माहीत नाही. एकीला सोडून. तिला आठवड्याभरात कळलं. मी ओट्याशेजारी पेपर वाचत बसलो होतो, आणि गॅसवर दूध करपून कोळसा झालं. ती अंगणातनं धावत आली. पातेलं उतरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि लसणाची पाकळी सोलून माझ्या नाकाखाली धरली. मी म्हटलं, काय आहे? ती खाली बसली. मग म्हणाली, 'उद्यापासनं मी येते तुमच्याबरोबर. ग्लास पुसायला कुणीतरी हवंच आहे ना त्यांना?' बायको हो, माझी बायको. आयुष्यात वाइनचा थेंब प्यायलेली नाही, पोतेरं पिळल्यासारखी लागते म्हणते. पण नाक! बाटली उघडली की मी फडक्यात धरून मागे न्यायची, तिने हुंगायचं, कानात दोन शब्द सांगायचे, आणि मी पुढे येऊन बोलायचं. ती म्हणायची, 'ओल्या चपलेचा वास येतोय', मी इथे येऊन म्हणायचो, 'जुनं, मुरलेलं चामडं'. ती म्हणायची, 'शाळेच्या दप्तरात विसरलेलं केळं', मी म्हणायचो, 'उष्ण प्रदेशातलं पक्व फळ'. बिघडलेली असली तर ती नुसती नाक मुरडायची, आणि मी ती बाटली ओतून टाकायचो. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. मागच्या दोन वर्षांचे गोल? खडू माझा, बोट तिचं. ते कार्ड आहे ना, तुमच्या हातातलं, चवीची वर्णनं छापलेलं, तेही तिचंच सगळं. वरचा फोटो माझा आहे. हो, जरा जुना आहे.

— ये. ठेव तिथेच. नाही, ह्या ग्लासांना हात लावू नकोस, मॅडमचं चाललंय. — नाही, काही नको. झालंय माझं ठरवून. जा तू.

पाहिलंत? हीच ती. ट्रे ठेवताना थांबली बघा जराशी. तिन्ही ग्लासांवरनं वाकली, आणि नाक हललं, एवढंस्सं. कळलं तिला. एवढ्यात कळलं! आणि मी काय म्हणालो? 'झालंय माझं ठरवून.' माझ्या जिभेला काही हाड आहे का बघा. ती थांबली होती हो, मी विचारीन म्हणून थांबली होती. मी तिला ओळखतो, ती उगीच ट्रे असा दोनदा सरळ करत नाही.

बोलत नाही ती माझ्याशी. तब्येत बरी नाही तिची. म्हणजे, तब्येत बरी आहे. रुसलीय. बायका रुसतात, चालायचंच. — नाही, तसं उगीच नाही रुसलेली. मागच्या शनिवारी वीस पाहुणे होते, इथेच, असे अर्धगोल करून. मी एक बाटली उघडली, फडक्यात घेतली, मागे न्यायला वळलो, तर त्यांतल्या एकाने धरून ठेवलं, म्हणे इथेच उघडा, आमच्यासमोर वास घ्या. घेतला. डोळे मिटले, मान डोलवली, म्हटलं, 'अप्रतिम.' आणि मागनं ही म्हणाली, 'अहो, नका देऊ ती, खराब आहे.' सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. वीस माणसं माझ्याकडे बघतायत. तुम्ही काय केलं असतंत? — तुम्ही ऐकलं असतंत तिचं, मी नाही ऐकलं. मी हसलो. म्हटलं, 'लक्ष देऊ नका, ती ग्लास पुसते आमच्याकडे. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय.' वीस माणसं हसली. मोठ्याने हसली. आणि मग ती वीसही जणं ती खराब वाइन प्यायली, आणि अप्रतिम म्हणाली. तिने ग्लास पुसले. सगळे. रात्री घरी म्हणाली, 'उद्यापासनं मी फक्त ग्लास पुसीन.' तेव्हापासनं बघा, सहा दिवस. चहा करते, पण ओट्यावर ठेवते, माझ्या हातात देत नाही. घरात शब्द नाही. आणि नेमकं ह्याच आठवड्यात पिंप बिघडायचं होतं.

माफी? अहो, एवढं सोपं असतं तर काय. आमच्या घराण्यात ती कुणालाच येत नाही. माझ्या वडिलांच्या हातनं आईच्या पायावर गरम पाणी सांडलं, तर तिलाच म्हणाले होते, 'पाणी फार तापवतेस तू.' तसले आम्ही. आणि आता मी तिच्यापुढे नाक घासू, तेही उपयोगाला न येणारं? आत्ता गेलो तर तिला वाटेल, पिंपासाठी आला. आणि खरंच पिंपासाठीच जाणार ना मी? म्हणून जात नाही. हे तरी प्रामाणिक आहे की नाही? — नाही का? असो.

तुम्ही बोला. वास घ्या, तिन्हींचा. घ्या, घ्या, माझ्याकडे बघू नका, मी तिकडे तोंड करतो. सावकाश. — काय? दुसरा? नक्की? दोन नंबर! शाब्बास! बघा, सकाळपासनं पहिलं माणूस जे माझ्या तोंडाकडे न बघता बोललं. कुठे गेला खडू — हा. दोन नंबर. असा, मस्त गोल, पहिल्याच झटक्यात. झालं! दोन दिवस जीव टांगणीला लागला होता माझा. बसा, ताई, एक बाटली माझ्याकडनं, मेहरबानी नाही ही. आता नुसतं सांगा, काय लागलं नाकाला? म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायला हवं ना मला काहीतरी. फळ? लाकूड? फूल एखादं?

काय? — मी म्हणालो? मी कधी म्हणालो? — 'ह्याला जरा वेळ द्या' — हो, म्हणालो असेन. अहो, ते मी बोलतो नुसतं, सवयीने, काहीतरी म्हणायचं म्हणून, हात पोचेपर्यंत तोंड चालू राहावं म्हणून! त्यावरनं तुम्ही — म्हणजे वास नाही आला काही? तिन्हींचा सारखाच आला? बस थांबली म्हणून उतरलात, पाय मोकळे करायला? आणि मला वाईट वाटू नये म्हणून दुसरा म्हणालात. हो. हो, चांगलं केलंत. लोक करतातच असं. पेरू म्हटलं की पेरू. मी तरी वेगळं काय केलं, मीच मला विचारलं, मीच मला उत्तर दिलं, आणि खूश होऊन खडू घेतला.

पुसतोय मी, दिसत नाही का? निघत नाही मेला, लाकडात बसलाय. हे बघा, बाहीला सगळा पांढरा. — नाही, दुसरा खडू नको. कुठे काढू दुसरा गोल? तिसऱ्यावर? पहिल्यावर? नाणं आहे का तुमच्याकडे, उडवू? ताई, तुम्हाला खरं सांगू, नाक गेलं तेव्हा मला एवढं भकास वाटलं नव्हतं. तेव्हा रोज सकाळी ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, आज पावाला छान वास सुटलाय, आज शेजाऱ्यांनी काहीतरी करपवलंय, आज तुमच्या शर्टाला साबण राहिलाय. मला सगळं कळत होतं. सहा दिवस झाले, मला कशाचाच वास कळलेला नाही. पिंपाचं सोडा हो. पिंप गेलं खड्ड्यात.

— गाडी. ऐकलंत ना, गेटवर? वीस मिनिटं आधीच! ताई, बसू नका, उठा, एक काम करा माझं. मालक येतील आता आत, पांढरी टोपी, ओळखाल तुम्ही. त्यांना म्हणावं, गोलाकडे बघू नका, तो चुकलाय. म्हणावं, मला तीन वर्षं वास येत नाही. — हो, असंच म्हणा, हसत-बिसत नको. तिला बोललो होतो वीस जणांत, आता माझं खरं गिऱ्हाइकासमोर निघू दे. आणि म्हणावं, जिचं नाक आहे ती येतेय, तिला खुर्ची द्या. मी तिला बोलवायला गेलोय. — येईल हो. आली, तर. — सरका, ताई, सरका बाजूला, मला आत जाऊ द्या.