शेवटच्या नळाची बाटली

माझं माहेर वर, भीमाशंकरच्या अंगाला. झऱ्याचं पाणी पिऊन वाढले मी, पाणी तपासायचं असतं हे ठावंच नव्हतं. लगीन होऊन ओतूरकडं खाली आले तर घरात नळ, लई कौतुक वाटायचं त्याचं.

पुढं पंचायतीनं आमा पाच बायांना पाणी तपासायला शिकवलं. औषधाची बाटली असती, तिच्यात नळाचं पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, काळी पडली तर पाण्यात घाण. मी चुलीमागं ठेवायची. भरायची शेवटच्या नळावर, कारण लाइन गटारातून जाती, फुटली तर तिथंच कळतं. शेवटचा नळ म्हंजी आमचीच आळी. काय सांगू तुमाला, त्या खेपेला बाटली एका दिसात काळीठिक्कर.

सरपंच माझे चुलत दीर. म्हणले वहिनी, जत्रा तोंडावर आली, आता पाणी खराब म्हणून गावाला लाल कार्ड मिळालं तर अब्रू जाईल, जत्रा झाली की लाइन बदलू, तवर तुमी टाकीचं पाणी भरा. टाकीत जंतू मारायची पावडर टाकल्या टाकल्या भरलं का बाटली काळी व्हत न्हाई, हे त्यांनाबी ठावं आन् मलाबी. मी मनाशी म्हणलं, दिराचा शब्द कसा मोडू. खोटं कशाला बोलू, पाणी चांगलं निघालं तर ग्रामसभेत माझ्या नावानं टाळ्या वाजणार व्हत्या, त्याबी मला हव्या व्हत्या. भरली टाकीची. हिरवं कार्ड आलं.

जत्रेला धाकटा भाऊ आईला घेऊन आला. चार दिस ऱ्हायली, तांब्या तांब्या पाणी प्याली, म्हणली पोरी, तुझ्या दारात बारा महिने पाणी, सुखात हायस. मला वाटलं उकळून द्यावं, पण उकळलं असतं तर आळीतल्या बायांनी इचारलं असतं, का गं उकळतीस. न्हाई उकळलं. महिन्याभरात डोळे पिवळे झाले तिचे, काविळीनं गेली.

मंग भावाला मीच सगळं सांगितलं. रडत सांगितलं. 

लाइन आजून तीच हाय. दीर पुन्ना निवडून आले. मी आता शेवटच्याच नळाची बाटली भरती, काळी झाली की त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवती, शिपाई उचलून टाकतो.

भाऊ भाऊबीजेला येतो, रीत मोडत न्हाई. मी दारात तांब्या देती, तो पाय धुतो, ओवाळून घेतो, आन् पिशवीतनं आपली झऱ्याची बाटली काढून पितो. देव त्याला सुखात ठेवो. माझ्या घरचं पाणी पी, असं कोणत्या तोंडानं म्हणू मी त्याला?